गॅलरीतून सोडलेली वायर थांबवायची असेल तर

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, नाशिक
मा. मुख्य अभियंता, महावितरण, नाशिक परिमंडल
आणि सर्व प्रभागांतील मा. नगरसेवक

विषय : इलेक्ट्रिक वाहनांसाठी वस्त्यावस्त्यांत सार्वजनिक चार्जिंगची सोय करण्याबाबत

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

मी परवानाधारक विद्युत कंत्राटदार आहे. सिडको, सातपूर, पंचवटी आणि जुने नाशिक हा माझा कामाचा भाग. वायरिंग, मीटर, लोड वाढवून घेण्याचे अर्ज यांत माझा दिवस जातो. अलीकडे या कामांत एका मागणीची भर पडली आहे : ‘गाडी चार्ज करायला खाली एक पॉइंट काढून द्या.’ गंगापूर रोडच्या बंगल्यात किंवा इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये हे अर्ध्या दिवसाचे काम असते. मीटरपासून स्वतंत्र वायर ओढायची, वेगळा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायचा, अर्थिंग तपासायचे, झाले. सिडकोच्या गल्लीत मात्र मला रिकाम्या हाताने परत यावे लागते. घर वरच्या मजल्यावर, मीटर जिन्याखाली आणि गाडी समोरच्या सार्वजनिक रस्त्यावर. जिथे पॉइंट काढायचा तिथे त्या माणसाच्या मालकीची भिंतच नसते.

मग लोक आपापली सोय पाहतात. गॅलरीतून वायर खाली सोडली जाते. ती रस्त्यावरच्या स्कूटरपर्यंत पोहोचावी म्हणून मध्ये जोड दिला जातो आणि जोडावर काळी टेप गुंडाळली जाते. वरचे टोक टीव्हीसाठी बसवलेल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये. घराला अर्थिंग धड असेलच असे नाही. पावसाळ्यात ती वायर रात्रभर भिजते आणि सकाळी तिच्याखालून शाळेची मुले जातात. मी अशा वायरी काढायला लावल्या आहेत आणि काही दिवसांत त्या पुन्हा लागलेल्याही पाहिल्या आहेत. त्या माणसावर रागावून काय उपयोग? हप्त्यावर घेतलेली गाडी त्याला सकाळी अंबडच्या पहिल्या पाळीला न्यायची असते.

गाडी रात्री जिथे उभी असते तिथे चार्जिंग आले पाहिजे, आणि ज्यांच्या घराला पार्किंग नाही त्यांच्या दारात ते सर्वांत आधी आले पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सरकारदरबारी हा विषय नवा नाही. राज्याने जुलै २०२१ मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले, त्यात शहरवार आकडे दिले होते. २०२५ पर्यंत मुंबईत १५००, पुण्यात ५००, नागपुरात १५० आणि नाशिकमध्ये १०० सार्वजनिक चार्जिंग स्टेशन. ती मुदत उलटली. २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने २०३० पर्यंतचे नवे धोरण मंजूर केले, त्यात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय सांगितली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरी भागासाठी २०३० पर्यंत एक किलोमीटर गुणिले एक किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत किमान एक स्टेशन असावे असे म्हटले आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण चौकट जमीन मोजते, माणसे मोजत नाही. नवीन नाशिकमध्ये, म्हणजे ज्याला आपण सिडको म्हणतो तिथे, सिडको महामंडळाने सहा योजनांत मिळून सुमारे २५ हजार घरे बांधली, पुढे लोकांनी गरजेप्रमाणे त्यांवर मजले चढवले. तिथला एक चौरस किलोमीटर आणि गंगापूर रोडच्या बंगल्यांचा एक चौरस किलोमीटर यांना एकच माप लावले तर ज्याच्याकडे आवार आहे त्यालाच आणखी एक सोय मिळेल.

म्हणून पहिली विनंती साधी आहे. शहरात आज किती सार्वजनिक पॉइंट आहेत, कुठल्या प्रभागात, किती किलोवॉटचे, किती दराने आणि त्यांतले चालू किती, ही यादी महापालिकेने प्रभागवार जाहीर करावी आणि दर महिन्याला सुधारावी. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर या सहाही विभागांची यादी शेजारी शेजारी ठेवली की पुढचा पॉइंट कुठे लावायचा हे कोणत्याही सल्लागाराला विचारावे लागणार नाही.

आता कोणते चार्जर, याविषयी. चार्जिंग स्टेशन म्हटले की टेंडरमध्ये मोठे डीसी फास्ट चार्जर येतात. महामार्गावर ते हवेतच. मुंबईहून कसारा घाट चढून आलेल्या गाडीला, शिर्डी-वणीला निघालेल्या गाडीला अर्ध्या-पाऊण तासात निघायचे असते. पण वस्तीतली गाडी रात्री नऊला लागते आणि सकाळी सहाला निघते. तिला घाई नाही. आपल्या शहरात घरोघरी दिसते ती स्कूटर. तिची बॅटरी बहुधा दोन ते चार युनिटची असते आणि तिच्यासोबत येणारा चार्जर साधारण एक किलोवॉटच्या आतच वीज ओढतो. बाथरूममधला गीझर त्याच्या दुप्पट ओढतो. अशा गाडीला सोळा अँपिअरचा, सुरक्षित, मीटर लावलेला एक सॉकेट पुरतो. इलेक्ट्रिक रिक्षाही त्यावर रात्रभरात भरते, आणि कारवाल्यालाही रोजच्या शहरातल्या फिरण्यापुरते चार्जिंग त्यावर मिळते.

हिशेब करून पाहा. ६० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर जेवढा लोड मागतो, तेवढ्यात ३.३ किलोवॉटचे अठरा पॉइंट बसतात. फास्ट चार्जरला तेवढी वीज एकदम लागते. जुन्या वस्तीतल्या डीपी (ट्रान्सफॉर्मर) आधीच उन्हाळ्यात तापलेल्या असतात, तिथे तो बसवायचा तर बहुतेक वेळा नवी डीपी, नवी केबल आणि त्यासाठी जागा शोधणे आले. गल्लीत पसरलेल्या अठरा पॉइंटचा भार मात्र वेगवेगळ्या फेजवर वाटता येतो, आणि रात्री अकरानंतर, घरांचा वापर उतरल्यावर, चार्जिंग सुरू होईल अशी व्यवस्थाही करता येते. एका फास्ट चार्जरच्या उद्घाटनाचा फोटो चांगला येतो हे मला कळते. पण गॅलरीतल्या वायरी उतरवायच्या असतील तर ते काम हे छोटे सॉकेटच करतील.

हे काम देशात झालेले आहे. केरळच्या वीज मंडळाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोझिकोड शहरात विजेच्या खांबांवर दहा चार्जिंग पॉइंट लावले, मुख्यतः रिक्षावाल्यांसाठी. पुढे राज्यभर असे हजाराहून अधिक पॉइंट लागले. खांबावर छातीच्या उंचीवर एक पेटी, आत मीटर आणि सॉकेट. मोबाइलवरून आगाऊ पैसे भरायचे, प्लग लावायचा, तेवढी वीज मिळाली की पुरवठा आपोआप बंद. खांब आधीच उभा आहे, त्यावर वीज आधीच आहे, जागा संपादन करायची नाही.

नाशिकमध्ये हे करताना एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. पथदिव्यांचे बरेच खांब महापालिकेचे आहेत आणि त्यांची लाइन फीडर पिलरमधल्या, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेटीतल्या, टायमरवर चालते, म्हणजे ती दिवसा बंद असते. महावितरणच्या खांबांवर चोवीस तास वीज असते, पण तो खांब महापालिकेच्या रस्त्यावर उभा असतो. खांब एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, आणि अर्ज दोघांच्या टेबलांमध्ये फिरत राहतो. शहरातले सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले तेव्हा पथदिव्यांच्या केबलवरचा भार कमी झाला. जिथे केबल चांगली आहे तिथे ही शिल्लक रात्रीच्या चार्जिंगला वापरता येईल, जिथे नाही तिथे महावितरणच्या लाइनवरून स्वतंत्र मीटर घ्यावा लागेल. कोणत्या गल्लीत काय, हे कागदावर ठरणार नाही. दोन्ही कार्यालयांच्या अभियंत्यांनी एकत्र पायी फिरून खांबागणिक ठरवावे. त्यासाठी संयुक्त पथक नेमा आणि मंजुरीचा अधिकार त्या पथकालाच द्या.

कनेक्शनच्या वेळेबद्दल महावितरणला वेगळे सांगायला नको. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार नवी जोडणी महानगरांत तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांत द्यायची आहे. इलेक्ट्रिक वाहनासाठी वेगळे कनेक्शन मागण्याचा ग्राहकाचा हक्कही त्याच दुरुस्तीत मान्य झाला. सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना हे बहुतेक ठिकाणी माहीत नसते. ‘एकाला दिले तर सगळे मागतील’ म्हणून ते पार्किंगमधला पॉइंट अडवतात. सगळे मागणारच आहेत. तेव्हा आतापासूनच पार्किंगपर्यंत एक जाड केबल आणून ठेवावी आणि तिथून प्रत्येकाला मीटर द्यावा, हे शहाणपणाचे. महावितरणने प्रत्येक उपविभागात महिन्यातून एक दिवस सोसायट्यांसाठी ठेवावा आणि शंका तिथेच सोडवाव्यात. सोसायट्यांचा प्रश्न एवढ्याने बराच सुटेल. वाड्यांचा आणि गल्ल्यांचा सुटणार नाही.

आणि इथे दराची गोष्ट येते, जी मला सर्वांत जास्त खटकते. बंगल्यातला माणूस घरच्या मीटरवर, घरगुती दराने गाडी चार्ज करतो. भद्रकालीतल्या वाड्यातला भाडेकरू सार्वजनिक पॉइंटवर गेला तर त्याला विजेच्या दरावर चालकाचे सेवाशुल्क द्यावे लागते आणि वर १८ टक्के जीएसटी, कारण सार्वजनिक चार्जिंग ही सेवा धरली जाते. त्यात केंद्राच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे ३१ मार्च २०२८ पर्यंत चार्जिंग स्टेशनला सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असे सुचवले आहे. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते, तेव्हा हा विचार बरोबर आहे. पण ज्याची गाडी दिवसभर त्याच्यासोबत कामावर असते आणि रात्रीच गल्लीत येते, त्याच्यावरच रात्रीच्या चढ्या दराचा भार येतो. ज्याच्याकडे जागा कमी त्याला वीज महाग, असा हा उलटा हिशेब झाला. पेट्रोल परवडत नाही म्हणून ज्याने ही गाडी घेतली, त्याची बचत इथेच खर्ची पडते.

जीएसटी महापालिकेच्या हातात नाही. सेवाशुल्क मात्र बऱ्याच अंशी आहे. सरकारी जागा चार्जिंगसाठी देताना भाड्याऐवजी विकलेल्या युनिटमागे एक रुपया असा महसूल-वाटा घ्यावा, आणि खासगी चालकाला द्यायची असेल तर बोली त्या एक रुपयापासून सुरू व्हावी, अशी केंद्राची सूचना आहे. महापालिकेने निविदा काढताना सर्वांत जास्त वाटा देणाऱ्याला काम न देता ग्राहकाकडून सर्वांत कमी सेवाशुल्क घेणाऱ्याला द्यावे. जागेतून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा गल्लीतल्या माणसाचा दर महत्त्वाचा आहे. एके काळी या शहराने घरोघरी नळ नसलेल्या गल्ल्यांना सार्वजनिक नळकोंडाळी दिली, ती नफ्यासाठी दिली नव्हती. खांबावरच्या सॉकेटकडे त्याच नजरेने पाहावे.

दिवसाच्या स्वस्त विजेचा फायदा कामगारांनाही मिळायला हवा. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत हजारो दुचाकी पाळीभर उभ्या असतात. अनेक शेडवर सौर पॅनेल आहेत. एमआयडीसीने आणि निमा, आयमा या संघटनांनी आपल्या सभासदांना कामगार पार्किंगमध्ये साधे सॉकेट द्यायला सांगितले, तर गल्लीवरचा रात्रीचा बराच ताण कमी होईल. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राकडे बोट दाखवून लोक मला विचारतात, कोळशाच्याच विजेवर गाडी चालवून काय साधले? त्याचे उत्तरही या दिवसाच्या चार्जिंगमध्ये आहे. शिवाय राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची पातळी न गाठलेल्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. शालिमार, सीबीएस, द्वारका या चौकांत रोज धूर खाणाऱ्या वाहतूक पोलिसाला आणि फेरीवाल्याला त्याच्या नाकाशी सुटणारा धूर थांबण्याशी मतलब आहे.

रिक्षावाल्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांची रोजीच यावर आहे. इलेक्ट्रिक रिक्षा घेतलेला माणूस दुपारी एकदा थोडे चार्जिंग करून घेऊ शकला तर संध्याकाळच्या भाड्यांना त्याची गाडी चालते. नाहीतर तो पाचला घरी जातो, नेमका गर्दीच्या वेळी. नाशिकरोड स्टेशन, निमाणी, महामार्ग बसस्थानक, ठक्कर बाजार, इथल्या रिक्षाथांब्यांवर जेवणाच्या वेळेत तास-दीड तास वापरता येतील असे पॉइंट द्या. थांब्यावर रांगेत उभी असलेली रिक्षा पुढे सरकत राहते, म्हणून पॉइंट रांगेत न लावता बाजूला राखीव जागा आखून तिथे लावावे लागतील. त्या राखीव जागेत दुसरी गाडी लागली तर सोय नावापुरती उरते, तेव्हा पांढरे पट्टे आखून थांबू नका, वाहतूक शाखेला दंडाचे अधिकार वापरायला सांगा. जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचीही अडचण हीच आहे, आणि त्यांतली बरीच मुले भाड्याच्या खोलीत राहतात.

जागांची कमतरता हे कारण मला पटत नाही. महापालिकेच्या भाजी मंडया, जलकुंभांची आवारे, समाजमंदिरे, नाट्यगृहाचे पार्किंग, रुग्णालये हे सगळे वस्तीच्या आत आहे आणि बहुतेक ठिकाणी रखवालदार व वीज आहे. नव्या बिटको रुग्णालयात किंवा कथड्याच्या झाकीर हुसेन रुग्णालयात नातेवाईक तासन्‌तास बसून असतात, कर्मचारी पाळीभर असतात. तिथे सुरुवात करायला काय हरकत आहे?

फक्त एका ठिकाणी सावधगिरी हवी. गोदाकाठी, गाडगे महाराज पुलाखाली, सराफ बाजारात, दहीपुलाच्या उतारावर पॉइंट लावायच्या आधी पूररेषा पाहा. २००८ आणि २०१६ चे पूर या शहराने पाहिले आहेत. दुतोंड्या मारुतीला पाणी लागले की खालच्या बाजारात धावपळ सुरू होते, हे नाशिककरांना सांगायला नको. त्या भागात पेट्या पूररेषेच्या वर लावाव्यात आणि गोदावरीत विसर्ग वाढवल्याची सूचना आली की त्या फीडरचा पुरवठा दुरून बंद करता यावा.

आगीची भीती लोकांच्या मनात आहे आणि ती उगाच नाही. एप्रिल २०२२ मध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या, ती दृश्ये सगळ्यांनी पाहिली. ती आग चार्जिंगमुळे लागलेली नव्हती, गाड्या वाहून नेताना लागली होती. पण सुरक्षित पॉइंटची मागणी मी करतो ती याच भीतीपोटी. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र आरसीसीबी, दरवर्षी अर्थिंगची मोजणी आणि तिचा आकडा पेटीवर लिहिलेला असावा. गॅलरीतल्या वायरीला यातले काहीच नसते.

आणि देखभाल. शहरातल्या एका चार्जिंग स्टेशनवर मी एका ग्राहकाची गाडी घेऊन गेलो होतो. मोबाइलवर ते चालू दाखवत होते, प्रत्यक्षात पडदा काळा होता. फलकावरच्या नंबरवर कुणी फोन उचलला नाही. तिथे आणखी एक माणूस आला, बघून निघून गेला आणि जाताना म्हणाला, ‘पेट्रोलचीच गाडी बरी होती.’ बंद पडलेला चार्जर हा नसलेल्या चार्जरपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्याने माणसाचा विश्वास जातो. म्हणून निविदेत बसवण्याच्या पैशांपेक्षा चालू ठेवण्याच्या पैशांकडे पाहा. ठेकेदाराचे देयक किती पेट्या लावल्या यावर न ठरता महिन्यातले किती तास त्या चालल्या यावर ठरावे. बिघाड ४८ तासांत दुरुस्त झाला नाही तर दंड. दुरुस्तीसाठी विभागातल्याच आयटीआय झालेल्या मुलांना प्रशिक्षण द्या. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या वायरमनला हे काम अवघड नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात विजेची मोठी कामे निघत आहेत. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. बाहेरच्या वाहनतळांवर येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी, शटल सेवेसाठी चार्जिंग लागेलच. ती यंत्रणा पर्वणीनंतर गोदामात न टाकता कोणत्या प्रभागात कायमची बसवायची हे आजच ठरवून निविदेत लिहा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यासाठीचे प्रस्ताव करताना महामार्गाबरोबर गल्लीचेही नाव त्यात यावे.

नगरसेवकांना वेगळी विनंती. प्रभागात बाक आणि कमानी बसवायला निधी मिळतो. त्यातून या वर्षी एका गल्लीत चार सॉकेट बसवून दाखवा. कोणत्या गल्लीत, हे तिथल्या बायकांना विचारा. कोणत्या गॅलरीतून वायर खाली येते हे त्यांना नेमके ठाऊक असते.

सुरुवात म्हणून सहा विभागांत प्रत्येकी एक गल्ली निवडावी असे मी सुचवतो. नवीन नाशिकमध्ये उत्तमनगर किंवा पवननगर घ्यावे. आपले संयुक्त पथक ज्या दिवशी येईल त्या दिवशी खांब, डीपीचा भार आणि अर्थिंग यांची मोजणी मी माझ्या उपकरणांनी, कोणतेही शुल्क न घेता करून देईन, आणि माझ्या ओळखीच्या इतर कंत्राटदारांनाही सोबत आणीन. पावसाळ्याआधीचा कोणताही दिवस चालेल. दिवस आपण कळवावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक परवानाधारक विद्युत कंत्राटदार
नवीन नाशिक